लांब पल्ल्याचे आयुष्य

लांब पल्ल्याच्या धावण्यात अनेक शर्यती येतात. चारशे मीटरच्या ट्रॅकवर पाच हजार मीटरची शर्यत साडेबारा फेऱ्यांची आणि दहा हजारांची पंचवीस फेऱ्यांची असते. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये धावता धावता अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो. क्रॉसकंट्री माळावर, चढउतारावर, प्रसंगी चिखलात होते. अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉन या रस्त्यावरच्या शर्यती. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. सोलापूर शहरातून निघालेला माणूस अक्कलकोट गाठून थोडा पुढे मैंदर्गीच्या वाटेला लागला, की साधारण एवढे अंतर भरते. केनियाच्या केल्व्हिन किप्टम यांनी २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर ते २ तास ३५ सेकंदांत पार केले.

शर्यत मिनिटांत किंवा तासांत संपते. धावपटूचे आयुष्य मात्र तीन वेगवेगळ्या टप्प्यांत पसरलेले असते. पहिला टप्पा गावाचा आणि शाळेचा, तेरा-चौदाव्या वर्षापासून विशीपर्यंतचा. दुसरा प्रत्यक्ष कारकिर्दीचा, साधारण वीस ते पस्तीस या वयातला. तिसरा सर्वांत लांब, कारण पस्तिशीनंतर अर्धे आयुष्य शिल्लक असते आणि ते धावण्यावाचून जगायचे असते. प्रत्येक टप्प्याला वेगळा आधार लागतो. यांपैकी एकही आधार निसटला, तर अंगातला गुण तसाच वाया जातो. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातून आलेल्या धावपटूंच्या कहाण्या हे फार स्पष्टपणे दाखवतात.

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातले, नगरपरिषद असलेले छोटे शहर. कर्नाटकची सीमा जवळ, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा बाजारात आणि घरात नांदतात. जमीन काळी, पावसाळ्यात पायाला चिकटणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. ज्वारी, तूर, उडीद ही ओळखीची पिके. सह्याद्री ओलांडताना ढग बहुतेक पाऊस पश्चिमेलाच टाकून येतात. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस उरतो, आणि तोही दरवर्षी येईलच असे नाही. साताऱ्याचा माण आणि बीडचा आष्टी हे तालुके याच पर्जन्यछायेतले. भारताच्या स्टीपलचेसचा गेल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास ज्यांच्या नावांवाचून लिहिता येत नाही, अशी दोन माणसे या पट्ट्याने दिली: माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर आणि आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे.

या भागात धावणे नवीन नाही. सोलापूर, बीड, सातारा, धाराशिव या जिल्ह्यांच्या गावरस्त्यांवर पहाटे तरुण मुले आणि आता मुलीही पळताना दिसतात. त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ऑलिंपिक नसते, भरती असते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते, सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरची धाव असते. ज्या घरात जमीन थोडी आणि पाणी त्याहून थोडे, तिथे हे सोळाशे मीटर कायमच्या पगाराकडे नेणारा रस्ता ठरतात. मुले एकमेकांचे टायमिंग मोबाइलवर लावतात, ग्राउंडचे गुण हिशेबात धरतात आणि पुस्तकांच्या अभ्यासाइतक्याच निष्ठेने राउंड मारतात. लांब पल्ल्याचा धावपटू बहुधा या गर्दीतूनच निघतो. भरतीचे अंतर त्याच्या गुणासाठी अपुरे आहे हे कोणाच्या तरी जाणत्या नजरेला दिसावे लागते. शाळेतले क्रीडाशिक्षक, एखादा माजी सैनिक, तालुक्याच्या स्पर्धेत घड्याळ हाती धरलेला पंच अशांपैकी कोणाची ही नजर असते.

शंभर वर्षांपूर्वी अशीच एक जाणती नजर पुण्याच्या मैदानावर पडली. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी कुटुंबांतले तरुण अनवाणी पळत होते. संस्थेचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांना दिसले, की या मुलांना शर्यतीचे शास्त्र ठाऊक नाही, तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जातात. त्यांनी पुढाकार घेतला, पदरचे पैसे घातले, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला चार ॲथलीट आणि दोन मल्लांचा भारतीय संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या संघात होते. मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर आजच्यापेक्षा काहीसे जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. थंड हवेच्या परक्या देशात, अपुऱ्या तयारीनिशी पळणाऱ्या तरुणाची ही कामगिरी आजही मान खाली घालायला लावणारी नाही. त्या काळात धावपटूला नोकरी देणारी खाती नव्हती, वर्षभर चालणारी शिबिरे नव्हती, प्रशिक्षकांची परंपराही नव्हती. म्हणून अँटवर्पहून परतल्यावर पुढे काय, या प्रश्नाला व्यवस्थेकडे उत्तर नव्हते.

स्त्रियांच्या वाट्याला तर हा खेळच फार उशिरा आला. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली आणि एवढे अंतर त्यांना झेपत नाही असे ठरवून ती बत्तीस वर्षे बंद ठेवण्यात आली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आली, दहा हजार मीटर १९८८ साली, आणि स्टीपलचेस थेट २००८ साली. ललिता बाबर यांचा जन्म २ जून १९८९ चा. ज्या शर्यतीने त्यांचे नाव जगभर नेले, ती शर्यत त्यांच्या शाळेच्या वर्षांत स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये नव्हतीच.

मोही हे माण तालुक्यातले दुष्काळाशी झुंजणारे गाव, आणि बाबर यांचे कुटुंब शेतकरी. शाळेत त्यांचा खेळ खो-खो. खो-खोतली चपळाई आणि वेगात वळण्याची सवय पुढे कामी आली असेलच; पण त्यांच्यातली खरी शक्ती होती लांब अंतर एका लयीत टिकून धावण्याची. २००५ साली पुण्यात झालेल्या वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे रेल्वेची नोकरी लागली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळवून जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी हॅट्‌ट्रिक पूर्ण केली.

अविनाश साबळे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आई-वडील शेतात आणि वीटभट्टीवर राबणारे. शाळा घरापासून सहा किलोमीटरवर. वाहन नसल्याने ते अंतर चालत किंवा पळत जायचे. बारावीनंतर ते सैन्यात गेले आणि महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाले. सियाचिनची हिमनदी, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम अशा तिन्ही टोकांच्या हवामानात त्यांची नेमणूक झाली. धावणे हा त्यांचा खेळ झाला तो २०१५ नंतर, सैन्यातल्या क्रॉसकंट्री स्पर्धांतून. मधल्या काळात दुखापतीमुळे वजन वाढले, तेव्हा थोड्याच महिन्यांत सुमारे वीस किलो घटवून ते पुन्हा मैदानात आले. सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांच्यातला स्टीपलचेसपटू ओळखला.

उत्तरेकडे, नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांची वाट वेगळ्या भूगोलातून जाते. तिथे पाऊस भरपूर, डोंगर उतरून पाणी भरायला जाण्याचे कष्टही तेवढेच. नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. या स्पर्धांच्या इतिहासात ट्रॅकवरचे वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या. सुवर्ण मिळवणाऱ्या प्रीजा श्रीधरन आणि त्यांच्यात एका सेकंदाहून कमी अंतर होते.

या तिन्ही कहाण्या वाचताना एक समज सहज तयार होतो, की गरिबी आणि कष्टच धावपटू घडवतात. हा समज या माणसांवर अन्याय करणारा आहे. शाळेला चालत जाणारी मुले अवर्षणग्रस्त तालुक्यांत हजारोंनी होती, आजही आहेत. त्यांतले बहुसंख्य ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा शहरातल्या मजुरीला गेले. लहानपणी पायी केलेली रोजची ये-जा हृदयाला आणि फुफ्फुसांना बळ देते हे खरे. पण त्याच लहानपणी अपुरे अन्न मिळाले तर हाडे कच्ची राहतात आणि रक्तात लोह कमी पडते. पहिल्या गोष्टीचा लाभ मिळायचा तर दुसरीची भरपाई कोणीतरी करावी लागते. केनियातले इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे आणि त्याने जगाला असंख्य विजेते दिले. तिथेही उंचीच्या जोडीला शाळा, सराव शिबिरे, अनुभवी प्रशिक्षक आणि शर्यतींच्या बक्षिसांची आशा आहे. बाबर, साबळे, राऊत यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले ते कष्टांनंतर मिळालेले स्थैर्य.

हे स्थैर्य भारतात बहुधा नोकरीच्या रूपाने येते. रेल्वे, सैन्यदल, पोलीस आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या खेळाडूंना खेळाडू म्हणून नोकरीवर घेतात. बाबर रेल्वेत होत्या, साबळे सैन्यात, राऊत तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पुण्यात २००१ साली सुरू झालेली आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूट आणि राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी यांनी राहणे, जेवण आणि प्रशिक्षण एका जागी दिले. महिन्याच्या पगारामुळे घराला पैसे जातात, आणि धावपटूला सगळ्यांत दुर्मिळ गोष्ट मिळते: विश्रांती. शेतमजुरी करून संध्याकाळी सराव करणारा माणूस सराव करू शकतो, पण सरावातून सावरू शकत नाही. लांब पल्ल्यात शरीर बळकट होते ते सावरतानाच.

व्यावसायिक धावपटूचा दिवस पहाटे सुरू होतो. सोलापूरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे सूर्य वर येण्याआधीच मुख्य सराव संपवावा लागतो. दुसरा, हलका सराव संध्याकाळी. मॅरेथॉनपटू आठवड्याला दीडशे ते दोनशे किलोमीटर पळतो; स्टीपलचेसपटूचे किलोमीटर थोडे कमी, पण त्यात अडथळ्यांचा सराव मिळवावा लागतो. यांतले बहुतेक किलोमीटर मुद्दाम संथ असतात, बोलता येईल इतक्या वेगाचे. उरलेल्यांत इंटर्व्हल, म्हणजे ठरावीक अंतर वेगाने पळून मध्ये थोडी उसंत. टेम्पो, म्हणजे दम लागण्याच्या सीमेवर धरून ठेवलेला वेग. आणि आठवड्यातून एक लाँग रन. नवख्या मुलांची चूक बहुधा एकच असते: ती रोजच जोरात पळतात. अनुभवी धावपटू हळू पळण्याच्या दिवशी खरोखर हळू पळतो, म्हणून वेगाच्या दिवशी त्याच्याकडे वेग असतो.

या सरावाने शरीर आतून बदलते. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते, त्यामुळे विश्रांतीतले ठोके मिनिटाला चाळीस-पंचेचाळीसवर येतात. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि प्राणवायूतून ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात. ज्या वेगापुढे रक्तात लॅक्टेट झपाट्याने साठू लागते, तो वेग महिनोन्‌महिने थोडा थोडा वर सरकतो. मॅरेथॉनमध्ये साधारण तिसाव्या किलोमीटरपुढे स्नायूंतला ग्लायकोजनचा साठा आटतो आणि पाय जड होतात; लाँग रन ही त्या वेळेची तयारी असते. दोन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच जागी काही आठवडे राहिले, तर विरळ हवेमुळे शरीर जास्त लाल पेशी तयार करते. म्हणून भारतीय धावपटूंची शिबिरे उटीसारख्या ठिकाणी भरतात, आणि साबळे यांनी अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला बराच काळ सराव केला.

अन्नाचे महत्त्व सरावाइतकेच आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तुरीची डाळ, दूध, अंडी, गूळ हे सोलापुरी घरातले जेवण धावपटूला परके नाही. फक्त ते पुरेसे आणि वेळेवर मिळायला हवे. मुलींच्या बाबतीत ही अट अधिक कडक आहे. पाळीमुळे लोह कमी होते, टाचांच्या आघाताने आणि घामानेही ते घटते, आणि हिमोग्लोबिन उतरले की कितीही जिद्द असली तरी वेग उतरतोच. खाणे कमी आणि श्रम जास्त असे फार काळ चालले तर पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडाला बारीक तडा जातो. पाळी थांबणे ही सरावाची खूण समजून दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी मुलीशी या विषयावर संकोच न ठेवता बोलणे हा तिच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे.

स्टीपलचेस ही या सगळ्यांतली सर्वांत गुंतागुंतीची शर्यत. तीन हजार मीटरमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. पुरुषांसाठी अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, स्त्रियांसाठी ७६.२. छोट्या अंतराच्या हर्डल शर्यतीतला अडथळा धक्का लागला की पडतो. हा जड लाकडी अडथळा जागचा हलत नाही, पडतो तो धावपटू. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत गेलेला. त्यामुळे दूरवर उडी घेणाऱ्याचा पाय कमी पाण्यात पडतो. ओले बूट आणि घोळक्यात पुढचा अडथळा न दिसणे यांतून लय सांभाळायची असते. प्रत्येक अडथळ्यापाशी लय किंचित मोडते आणि ती पुन्हा जुळवायला दम खर्च होतो. हा खर्च पस्तीस वेळा कमीत कमी ठेवणारा पुढे राहतो.

मॅरेथॉनमध्ये देशात पहिल्या आलेल्या ललिता बाबर २०१४ साली या शर्यतीकडे वळल्या, कारण मोठ्या स्पर्धेतले पदक त्यांना इथे दिसत होते. बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची प्रगती सेकंदांत वाचता येते. २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत ९ मिनिटे ३५.३७ सेकंद, कांस्यपदक आणि राष्ट्रीय विक्रम. २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९:३४.१३ आणि सुवर्ण. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९:२७.८६ आणि अंतिम शर्यतीत आठवा क्रमांक. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६. दोन वर्षांत पंधरा सेकंदांहून अधिक सुधारणा, आणि तीही वयाच्या पंचविशीनंतर. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारे भारतीय नाव पी. टी. उषा यांच्या १९८४ च्या शर्यतीनंतर बत्तीस वर्षांनी पुन्हा दिसले. १५ ऑगस्टला अंतिम शर्यतीत त्या ९:२२.७४ वेळेसह दहाव्या आल्या. पदक मिळाले नाही, पण मोहीच्या शेतकऱ्याची मुलगी जगातल्या पहिल्या दहांत होती, आणि माण तालुक्यातल्या कोणत्याही मुलीला हे वाक्य आता स्वतःबद्दल म्हणून पाहता येते.

साबळे यांची वाट याहून लांब चालली. गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० अशी वेळ देऊन मोडला. त्यानंतर ते पुन्हा पुन्हा स्वतःचाच विक्रम सुधारत गेले: २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत ८:२१.३७, टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत वीस सेकंद. बर्मिंगहॅमचे रौप्य यात विशेष मोलाचे. १९९८ पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने घेतली होती. साबळे यांनी ती साखळी तोडली आणि विजेत्या अब्राहम किबिवोट यांच्यापासून ते अवघ्या पाच शतांश सेकंदांनी मागे राहिले. २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी स्टीपलचेसचे सुवर्ण आणि पाच हजार मीटरचे रौप्य मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुष स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय ठरले आणि अकरावे आले.

हे आकडे वाचायला सोपे वाटतात, पण प्रत्येकाच्या मध्ये महिनोन्‌महिन्यांचे निनावी दिवस असतात. घर आणि गाव दूर राहते. सणवार, लग्नकार्ये, आजारपणे चुकतात. अव्वल धावपटूला उत्तेजक चाचणीसाठी रोजच्या दिवसातला एक तास आणि ठिकाण आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली तर तो नियमभंग ठरतो. आणि दुखापत कधीही येते. २०२५ च्या मे महिन्यात साबळे यांनी गुमी इथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण जिंकले. जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडून त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. अशा वेळी धावपटूचे सगळे भांडवल एका सांध्यात अडकून पडते. तेव्हा पगार चालू राहणे आणि उपचार मिळणे याला दुसऱ्या कशाची सर येत नाही.

प्रशिक्षकाचे आयुष्यही याच खेळाला वाहिलेले असते. स्नेसारेव्ह यांनी भारतीय धावपटूंच्या एका पिढीवर मेहनत घेतली, आणि मार्च २०२१ मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, टोकियोची तयारी सुरू असतानाच त्यांचे निधन झाले. पदकांच्या यादीत प्रशिक्षकाचे नाव येत नाही. मोहीच्या किंवा मांडव्याच्या शाळेत मुलांना पहिल्यांदा पळायला लावणाऱ्या शिक्षकांची नावे तर त्याहून मागे राहतात. त्यांच्यावाचून पहिला टप्पाच सुरू झाला नसता.

धावण्यानंतरच्या टप्प्याचे बाबर यांचे उदाहरण आश्वासक आहे. राज्य शासनाने त्यांना उपजिल्हाधिकारी म्हणून नेमले आणि त्या महसूल प्रशासनात काम करू लागल्या. दुष्काळी गावातून आलेल्या, सरकारी कागद घराला काय देऊ शकतो आणि काय अडवू शकतो हे जाणणाऱ्या व्यक्तीने त्या खुर्चीवर बसणे ही खेळाने समाजाला केलेली परतफेड आहे. प्रत्येक धावपटूला अशी जागा मिळत नाही. राष्ट्रीय पातळीपर्यंत पोचून पदकाविना परतलेल्यांची संख्या विजेत्यांपेक्षा खूप मोठी असते. त्यांच्यासाठी क्रीडाशिक्षक, मार्गदर्शक, पंच, शारीरिक उपचार साहाय्यक अशी कामे खुली हवीत, कारण त्यांच्याजवळ जे ज्ञान आहे ते कोणत्याही पुस्तकात इतके ताजे सापडत नाही. बाबर यांचा राष्ट्रीय विक्रम २०२३ मध्ये पारुल चौधरी यांनी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ९:१५.३१ अशा वेळेने मोडला. विक्रम मोडण्यासाठीच असतात. आधीच्या धावपटूने गाठलेली वेळ ही पुढच्या मुलीची सुरुवात होते.

मैंदर्गीसारख्या गावात या साखळीचा पहिला दुवा पक्का करायला फार मोठा खर्च लागत नाही. चारशे मीटरचा नीट मोजलेला, दगड वेचलेला मातीचा ट्रॅक हवा. घड्याळ धरून मुलांच्या वेळा वर्षानुवर्षे वहीत नोंदवणारा प्रशिक्षित शिक्षक हवा, म्हणजे भरतीच्या सोळाशे मीटरपलीकडचा गुण कोणाच्या तरी नजरेत येईल. सरावानंतर दूध, अंडी, शेंगदाणे यांची सोय हवी, आणि वर्षातून दोनदा हिमोग्लोबिनची तपासणी. पहाटेच्या अंधारात मुलींना निर्धास्त पळता येईल अशी जागा आणि सोबत हवी. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या दोन्ही घरांतल्या मुलांना प्रशिक्षकाची भाषा समजायला हवी. सोलापूरच्या जिल्हा स्पर्धेपर्यंतचा प्रवासखर्च शाळेला परवडायला हवा. तिथून पुढे क्रीडा प्रबोधिनी, सैन्य, रेल्वे यांची दारे आहेत, आणि त्या दारांपर्यंत पोचण्याची पात्रता या मातीतल्या मुलांनी अनेकदा सिद्ध केली आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूची सहनशक्ती त्याची स्वतःची असते. ती दहा-पंधरा वर्षे टिकवून धरण्याची जबाबदारी मात्र गावाची, शाळेची आणि शासनाचीही आहे.